पिझ्झ्यावर भिवापुरी चालेल का?

भिवापूरच्या एखाद्या घरात पिझ्झा होतो तेव्हा त्यावर काय पडावं, याबद्दल दोन ठाम मतं ऐकायला मिळू शकतात, आणि माझ्या मते दोन्ही अर्धीच खरी आहेत. ती नीट समोर यावीत म्हणून दोन माणसं कल्पून घेऊ. एक काकू, ज्यांचा सगळा संसार भिवापुरात झाला आणि ज्यांना मिरचीची जात नुसत्या वासावरून कळते. दुसरा त्यांचा पुतण्या, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. पुतण्या म्हणतो, "काकू, पिझ्झा म्हणजे टोमॅटो, मोझरेला, बेसिलची पानं आणि ऑलिव्हचं तेल. त्यावर तुम्ही झुणका पसरलात तर ती झुणका-भाकर झाली. खा खुशाल, पण त्याला पिझ्झा म्हणू नका." काकू म्हणतात, "बाबू, घर माझं, कणीक माझी. मले जे आवडन ते मी टाकीन. इटलीवाल्यायले विचारून जेवाव काय?" पुतण्याला पदार्थाची शिस्त हवी आहे, काकूंना घराचं स्वातंत्र्य. मला दोन्ही हवं आहे, पण शिस्त कशाची आणि स्वातंत्र्य कशात, हे आधी ठरवावं लागेल.

पुतण्याची बाजू आधी घेतो, कारण त्याच्या हातात कागद आहे. इटलीतल्या नेपल्समध्ये, म्हणजेच नापोलीत, १९८४ साली खऱ्या नापोली पिझ्झ्याच्या रक्षणासाठी संघटना स्थापन झाली. २०१० साली युरोपीय संघाने 'पिझ्झा नापोलेताना' या नावाची पारंपरिक पदार्थ म्हणून नोंद केली आणि त्यात मारिनारा व मार्गेरिता या दोनच प्रकारांची मोजमापं लिहून काढली. गोळा १८० ते २५० ग्रॅमचा, तयार पिझ्झ्याचा व्यास ३५ सेंटिमीटरच्या आत, कड एक ते दोन सेंटिमीटर फुगलेली, भट्टी लाकडाची, तळाची उष्णता सुमारे ४८५ अंश सेल्सिअस आणि भाजण्याचा वेळ ६० ते ९० सेकंद. इतकं नेमकं लिहून ठेवलेल्या पदार्थावर वाटेल ते टाकू नये, हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्या गावाने पदार्थ घडवला त्या गावाचा त्यावर पहिला शब्द असतो. सावजी रस्सा म्हणून कुठेही काहीही लाल पाणी वाढलं तर नागपूरकरांना जे वाटेल, तेच नेपल्सकरांनाही वाटणार.

पण हेच नियम पुतण्याने शेवटपर्यंत वाचावेत. त्यांतला मोठा भाग टोमॅटोबद्दल नाही, कणकेबद्दल आणि आगीबद्दल आहे. २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेपल्सचं जे घेतलं ते पिझ्झा करणाऱ्याचं कसब, म्हणजे कणीक मळणं, हातावर फिरवून पसरणं आणि लाकडाच्या भट्टीत भाजणं. वरच्या साहित्याचं म्हणाल तर तिथे टोमॅटो आणि चीज या दोन्हींचा आग्रह आहे तो त्या प्रदेशाचा आहे. सान मार्झानो टोमॅटो व्हेसुव्हियसच्या परिसरातले, मोझरेला त्याच कंपानिया प्रांतातल्या म्हशींच्या दुधाचं, आणि दोन्हींना भौगोलिक संरक्षण. जे आपल्या मातीत उत्तम होतं, ज्याला गावाचं नाव लागलं आहे, ते आपल्या पिझ्झ्यावर घालावं, असा हा नियम आहे. तो जसाच्या तसा भिवापूरला आणला तर हाताला काय लागतं? नागपूरहून उमरेडमार्गे आग्नेयेला गेल्यावर लागणारं हे तालुक्याचं गाव ज्या एका पिकामुळे ओळखलं जातं ती मिरची. २०१६-१७ साली भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. नेपल्सच्या नियमातली अक्षरं पाळायची तर डब्यातला इटालियन टोमॅटो आणावा लागेल. त्या नियमामागचा विचार पाळायचा तर भिवापुरी घ्यावी लागेल.

"पण मिरची ही काही पिझ्झ्याच्या परंपरेतली नाही," पुतण्या म्हणेल. परंपरेचं वय मोजायचं तर टोमॅटोचंही मोजावं. टोमॅटो आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात टोमॅटो युरोपात पोचला आणि त्याच शतकात पोर्तुगिजांच्या जहाजांतून मिरची हिंदुस्थानाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. एक कंपानियाचा झाला, दुसरी आपली. शिवाय इटलीतच कालाब्रिया प्रांताचं स्वयंपाकघर मिरचीवाचून चालत नाही. तिथली एन्दुया ही मिरचीने लालभडक झालेली डुकराच्या मांसाची मऊ सॉसेज पिझ्झ्यावर सर्रास घातली जाते. तेव्हा मिरची परकी म्हणून नको, हा आक्षेप टिकत नाही. टिकण्याजोगा आक्षेप वेगळा आहे आणि तो पुतण्याने मांडायला हवा होता: भिवापूरच्या घरात ४८५ अंशांची भट्टी नाही.

सगळा वाद खरं तर इथे सुरू व्हायला हवा. घरचा ओटीजी बहुधा २३० ते २५० अंशांवर थांबतो. म्हणजे जो पिझ्झा नेपल्समध्ये दीड मिनिटात बाहेर येतो त्याला आपल्याकडे आठ ते बारा मिनिटं लागतात. या जास्तीच्या वेळात वरच्या साहित्यातलं पाणी सुटतं आणि ते उडून जाण्याइतकी आच ओव्हनमध्ये नसते. कच्ची सिमला मिरची, कच्चा कांदा, टोमॅटोच्या फोडी, ताजं मोझरेला ही सगळी पाण्याने भरलेली आहेत. नेपल्सच्या आगीत त्यांचं पाणी क्षणात वाफ होतं, ओव्हनमध्ये ते कणकेत मुरतं. मधला भाग लिबलिबीत आणि कड कडक, ही घरच्या पिझ्झ्याची ठरलेली तक्रार यातूनच येते. आपण ज्याला 'पारंपरिक' टॉपिंग म्हणतो ते दुसऱ्या आगीसाठी ठरलेलं आहे. घरच्या मंद आगीला आधीच पाणी काढून टाकलेलं साहित्य लागतं, आणि विदर्भाच्या स्वयंपाकघरात ते भरपूर आहे, कारण उन्हाळ्याने इथल्या बायकांना वाळवायला आणि चुलीने परतायला शिकवलं आहे. कोरडा झुणका, जवसाची चटणी, सांडगी मिरची, निखाऱ्यावर भाजून निथळलेलं वांगं, तेलात चांगली परतून घेतलेली अंबाडी, या सगळ्यांतलं पाणी चुलीवर किंवा उन्हात आधीच गेलेलं असतं. ओव्हनमध्ये त्यांनी फक्त तापायचं असतं. म्हणून माझं म्हणणं असं की घरच्या पिझ्झ्यावर इथलं साहित्य नुसतं चालवून घेण्याजोगं नाही, कच्च्या सिमला मिरचीपेक्षा ते अधिक योग्य आहे.

आता काकू खूश होतील, पण त्यांचीही बाजू तपासायला हवी. "टाकीन ते टाकीन" हे स्वातंत्र्य पहिल्याच घासाला महाग पडतं. सावजी मटणाचा रस्सा कितीही आवडता असो, तो पिझ्झ्यावर ओतला की खालची कणीक भिजून तुटणार. त्यातले मटणाचे तुकडे काढून, मसाला आटवून, तेल सुटेपर्यंत परतला तरच तो पिझ्झ्याच्या कामाचा. अभिमानाचं फळ म्हणून नागपुरी संत्र्याच्या फोडी टाकायची हौसही येऊ शकते. या संत्र्यालाही भौगोलिक मानांकन आहेच. पण नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की त्यात कडवटपणा उतरतो, लिमोनिन नावाच्या घटकामुळे. रसाच्या कारखान्यांना या कडवटपणाशी कायम झगडावं लागतं. शिवाय फोडी फुटून पाणी सुटतं ते वेगळंच. संत्र्याची साल किसून चिमूटभर वरून घातली तर शोभेल, गर नाही. म्हणजे गावाचं नाव लागलं एवढ्याने काम भागत नाही; साहित्याने त्या आगीत आपलं काम करावं लागतं. कॅनडात १९६२ साली सॅम पानोपुलोस यांनी पिझ्झ्यावर डब्यातलं अननस ठेवलं आणि तेव्हापासून जग त्यावर भांडत आहे. गोड चालेल की नाही यावरच ते भांडण अडकून राहिलं. अननस नीट निथळलं होतं का, हे कोणी विचारत नाही.

काकूंच्या स्वातंत्र्याला दुसरी मर्यादा वजनाची. नापोली मार्गेरितावर टोमॅटो शंभर ग्रॅमच्या आत आणि चीज ऐंशी ते शंभर ग्रॅम असतं. आपल्याकडे पाहुणचाराच्या भावनेतून थर चढत जातात, आणि भरपूर घातलं म्हणजे प्रेमाने घातलं असं वाटतं. पिझ्झ्यात ते चालत नाही, कारण कणीक वरून भाजली जायची तर तिला आच दिसली पाहिजे. एका पिझ्झ्यावर दोन किंवा फार तर तीन गोष्टी. झुणका असेल तर भरीत नको. जवसाची चटणी असेल तर ती चीजच्या खाली, पातळ थरात, कारण उघडी राहिली की करपून कडू होते.

मिरचीकडे जवळून पाहू, कारण भिवापूरमध्ये पिझ्झ्याची खरी कसोटी तिथेच आहे. लाल तिखट पिझ्झ्यावर कोरडं भुरभुरून ओव्हनमध्ये घातलं तर दहा मिनिटांत काळं पडतं आणि रंग, वास दोन्ही गमावून बसतं. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाही. नागपूरच्या तर्रीमागचं कारण हेच. म्हणून वाळलेल्या भिवापुरीची देठं काढायची, आतल्या पांढऱ्या शिरा आणि बी झटकायचं, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची आणि लसूण-मीठ घालून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटायची. हे वाटण तेलात मंद आचेवर परतत राहायचं, कडेने लाल तेल सुटेपर्यंत. तिखटपणा मुख्यतः त्या पांढऱ्या शिरांत असतो, बियांत नव्हे, त्यामुळे शिरा किती ठेवायच्या यावर तिखटपणा हातात राहतो आणि सालीचा रंग मात्र पूर्ण मिळतो. या वाटणाचा पातळ हात कणकेवर द्यायचा, वर चीज, आणि वेगळं काढलेलं लाल तेल पिझ्झा बाहेर आल्यावर चमच्याने सोडायचं. टोमॅटोऐवजी हे वापरलं तर आंबटपणाची जागा रिकामी राहते. तिथे परतलेली अंबाडी बसते, थोडी चिंचही चालते.

"एवढ्या तिखटापुढे बाकी काही कळेल का?" हा पुतण्याचा आक्षेप रास्त आहे, पण त्याचं उत्तर पिझ्झ्यातच आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं आणि स्निग्धांश ते विरघळवून जिभेवरून काढतो. रश्शाबरोबर दही किंवा कढी वाढतात त्याला हाच आधार आहे. तेव्हा चीज आणि मिरची ही जोडी ओढूनताणून केलेली नाही. उलट पालेभाजीबरोबर जी मिरची असह्य होईल ती वितळलेल्या चीजखाली सुसह्य होते. मात्र चीजच्या जागी पनीर घालून ही सोय मिळवता येणार नाही. दूध तापवून आंबट घालून फाडलेलं पनीर वितळत नाही, ते तुकड्यातुकड्यांनी राहतं आणि कोरडं पडतं. पनीर पिझ्झ्यावर घालण्याची आपल्याकडे जी सवय पडली आहे ती मला चवीपेक्षा सोयीची वाटते. पनीरची खरी जागा कॅल्झोनेत आहे.

कॅल्झोने म्हणजे पिझ्झ्याचीच कणीक अर्ध्यात दुमडून, आत सारण भरून, कडा मिटवून भाजलेली किंवा तळलेली. त्यात पारंपरिकरीत्या रिकोटा जातं, आणि रिकोटा हे चीज काढून उरलेल्या निवळीपासून उष्णतेने साकळलेलं, न वितळणारं, मऊ दाणेदार चीज आहे. घरी फाडून रात्रभर बांधून ठेवलेलं म्हशीच्या दुधाचं मऊ पनीर त्याच्या अगदी जवळचं. इथे पुतण्याच्या परंपरेचं आणि काकूंच्या कपाटाचं आपोआप जमतं. आणि कॅल्झोने बंद असल्यामुळे पाण्याचा नियम आणखी कडक होतो: आत जे सुटलं ते आतच राहणार. तेव्हा सारण पिझ्झ्याहून कोरडं हवं. विदर्भात हे कोणाला शिकवावं लागत नाही. सांबारवडीचं सारण घ्या. बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन कापडावर पसरून पूर्ण सुकवलेला, त्यात भाजलेलं सुकं खोबरं, खसखस, तीळ, तिखट, मीठ. सांबार ओला राहिला तर तळताना वडी फुटते, हे ती वडी करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. त्याच सारणात मूठभर निथळलेलं पनीर मिसळलं की कॅल्झोनेचं सारण तयार. कडेला करंजीची मुरड घातली तर ती काट्याने दाबलेल्या कडेपेक्षा घट्ट मिटते. वरून सुरीने दोन चिरा द्यायच्या, वाफ जायला वाट हवी. बाहेर आल्यावर पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर आतलं सारण जीभ पोळतं.

एक तिसरा आवाज या वादात हमखास येतो: मैदा आणि चीज आणायचंच कशाला, आपले रोडगे काय वाईट? गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी यांच्यापुढे पिझ्झा आणून ठेवायची मला मुळीच इच्छा नाही. मैदा रोज खावा असंही मी म्हणणार नाही. पण पिझ्झ्याची कणीक आपल्याला परकी आहे हे मात्र खरं नाही. नागपुरात लंबी रोटी करणाऱ्या बायका गव्हाची अतिशय सैल कणीक आपटून आपटून तिला ताण आणतात, हातांवर झेलत पसरतात आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर टाकतात. पाणी जास्त, मळणं भरपूर, पसरणं लाटण्याशिवाय, आच जोरदार: पिझ्झ्याच्या कसबातली चारही अंगं त्यात आहेत, फक्त आंबवणं नाही. गहू मात्र पाहून घ्यावा. विदर्भातला जुना बन्सी गहू कठीण जातीचा, त्याची कणीक चिवट होते पण ताणली जात नाही, लगेच मागे ओढते. लंबी रोटीला लोकवन वापरतात तोच इथे अर्धा मैद्याबरोबर चालतो. अर्धा किलो पिठाला सव्वातीनशे ग्रॅम पाणी, दहा ग्रॅम मीठ, आणि यीस्ट एक ग्रॅमच्या आसपास. नेपल्सचे नियम २५ अंशांवर कणीक आंबवायला सांगतात. मे महिन्यात भिवापूरच्या स्वयंपाकघरात पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तीच कणीक फार लवकर फुगून उतरते आणि आंबूस वास मारते. तेव्हा फ्रिजमधलं गार पाणी, यीस्ट निम्मं, आणि मळलेला गोळा रात्रभर फ्रिजमध्ये. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तव्यावर एक बाजू डाग पडेपर्यंत भाजायची, उलटायची, भाजलेल्या बाजूवर साहित्य घालून झाकण ठेवायचं. तव्याच्या पिझ्झ्याला वरून आच नसते, म्हणून तिथे आधी शिजवलेलं, कोरडं साहित्य अजूनच गरजेचं.

पुतण्याचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. "काकू, पिझ्झ्यावर चमचाभर वाटण लावल्याने भिवापुरी मिरचीचं काय भलं होणार?" संकरित वाण, रोग आणि सोयाबीन-कापसाच्या रेट्यात गावरान भिवापुरीचं क्षेत्र आक्रसत गेलं. गावाच्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची खुडण्याच्या आवारांत, बायका बसून ज्या मिरचीची देठं खुडतात तीही बरीचशी बाहेरून आलेली असते. मानांकनाचा कागद पीक वाढवत नाही, आणि पिझ्झाही वाढवणार नाही. शेतकऱ्याला आधार मिळतो तो घरोघर होणाऱ्या वर्षाच्या तिखटाच्या खरेदीतून. पण पुढे वर्षाचं तिखट कोण करणार आहे, हेही पाहायला हवं. आज घरातली मुलं मिरची ओळखतात ती पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या चिली फ्लेक्सच्या पुडीतून, आणि त्या पुडीवर मिरचीचं गाव लिहिलेलं नसतं. भिवापूरच्या मुलाने भिवापुरीची चव पिझ्झ्यावर ओळखली तर उद्या तो बाजारात ती नावाने मागेल. नावाने मागणारं गिऱ्हाईक नसेल तर गावरान बियाणं राखणाऱ्या शेतकऱ्याला संकरित मिरचीपेक्षा जास्त भाव कोण देणार? म्हणून ती पुडी घरात आणू नये आणि भरड घरीच करावी, असं माझं ठाम मत आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळलेली भिवापुरी ओळखीच्या शेतकऱ्याकडून घ्यावी, देठं खुडून दोन उन्हं द्यावीत, कोमट तव्यावर क्षणभर फिरवून खलबत्त्यात जाडसर कुटावी, चाळून जास्तीचं बी काढावं आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावी. उजेडात आणि उष्णतेत तिचा लाल रंग काही आठवड्यांत फिका पडतो, थंडीत आणि अंधारात तो पुढचं पीक येईपर्यंत टिकतो.